बरड नांगरू नये

मी, सत्यभामाबाई बेवा श्यामराव पुस्तोडे, वय सत्तरीच्या आसपास, धंदा शेती व ढोरे पाळणे, राहणार बोडीटोला, आसगावजवळ, तहसील पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या छपरीत बसून कृष्णराव गुरुजींकडून लिहवून घेत आहे. माझे गुडघे गेले आहेत, एका कानाने कमी ऐकू येते आणि चार पावले चालले की दम लागतो. पण डोके जागेवर आहे. काय कोणाला देते आणि का देते, ते मला पुरते समजते. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही, गोड बोलून अंगठाही घेतलेला नाही. तसा प्रयत्न झाला होता, तो पुढे येईल.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावाचे अर्ज आणि कागद लिहितात. ते म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, गोष्टी नाही. मी म्हटले, "गुरुजी, माही मालमत्ता म्हणजे ढोरं, तणस आन् गवत. त्याईची गोष्ट सांगल्याबिगर वाटणी कशी सांगू?" ते म्हणाले, "सांगा बाई. मी लिहितो." म्हणून हा कागद लांबला आहे. वाचणाऱ्याने कंटाळू नये. मी तर सांगूनच थकले आहे.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसे दाखवले तर ते खोटे समजावे. माझ्यामागे या कागदाप्रमाणे होते की नाही ते यादोराव यांनी पाहावे. त्यांची बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, आमच्या बांधीला लागून आहे, मधला धुरा एकच आहे, आणि इतक्या वर्षांत त्यांनी तो वीतभरही सरकवला नाही. माणूस ओळखायला मला एवढे पुरते.

२. राहते घर, कोठा आणि अंगण माझा मुलगा धनीराम यास मिळावे. हे सगळे माझे पती श्यामराव यांनी बांधले. घराच्या आधी त्यांनी कोठा बांधला. मी लाखांदूरकडून लग्न होऊन आले तेव्हा ढोरांच्या डोक्यावर कौले होती आणि आमच्या डोक्यावर गवत. माझ्या आईने ते पाहिले आणि परत जाताना बैलबंडीत रडत गेली. पुढच्या पावसाळ्यात घर गळले, कोठा गळला नाही. आम्ही दोघे ढोरांत जाऊन झोपलो. त्यानंतर मी त्या माणसाला काही बोलले नाही.

घराची मागची खोली सून कलाबाई जौजे धनीराम हिच्याकडे हयातभर राहील. तिला तिथून कोणी काढू नये.

३. तलावाखालची धानाची सगळी बांधी धनीरामला. बैलजोडी, बंडी, नांगर व वखर हेही त्यालाच. धनीरामचा हात धानाला चांगला आहे. मी त्याची आई नसते, नुसती शेजारीण असते, तरी हे म्हटले असते. ढोरांना मात्र त्याचा हात नाही. रोवणी झाली की धानाला थोडे दिवस विसरता येते. ढोराला सकाळी विसरले तर ते संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत उभे असते, आणि धनीरामला ते पाहणे सोसत नाही, म्हणून तो कोठ्यात जातच नाही.

४. माझ्या पाटल्या, गळ्यातली एकदाणी आणि पोस्टात जे काही साठले असेल ते मुलगी निर्मलाबाई, राहणार लाखांदूर, हिला द्यावे. तिला जमीन देत नाही, कारण ती स्वतः नको म्हणाली. मागच्या दिवाळीला आली होती तेव्हा मी विचारले. म्हणाली, "माय, मले तुही पाटली दे. जमिनीचं भांडण नोको देऊ." पोर शहाणी आहे.

५. मांडवावरची तणस, म्हणजे धान चुरून उरलेली वाळकी काडी, वाटणीत धरू नये. ज्याच्या दावणीला ढोर, त्याची तणस. नवी रचण्याआधी जुनी बाजूला काढावी आणि आधी जुनी चारावी, नवी कितीही पिवळी दिसली तरी. निम्मा ढीग पुढची रोवणी होईपर्यंत हलवू नये. पाऊस लागला की पहिल्या कोवळ्या गवतावर ढोरे उपाशीपोटी सोडू नयेत. घरची वाळकी तणस पोटात घालून मगच सोडावीत, नाहीतर उन्हाळाभर जगवलेले ढोर पोट फुगून पावसात मरते.

तणस विकू नये. दिवाळीनंतर दुधवाल्यांचे ट्रक नागपूरकडून येतात आणि ज्यांची तणस जास्त दिसते त्यांच्या अंगणात उभे राहतात. श्यामराव त्यांना चहा पाजत आणि रिकामे पाठवत. मला म्हणत, "ज्या साली पाऊस बरा, त्या सालची तणस आपली नोहे. ते पुढच्या सालची होये."

६. माझा दीर तुलाराम यास मी काही देत नाही. का देत नाही ते लिहून ठेवते.

बरड म्हणजे तलावाच्या पाळीपलीकडची उंच, मुरमाची जमीन. तिथे धान होत नाही. मी ती आईने दिलेले सोने मोडून माझ्या नावाने घेतली तेव्हा गाव म्हणाले, बाईने दगड घेतले. श्यामरावांनी तिला काट्यांचे कुंपण घातले आणि काही पावसाळे एकही ढोर आत जाऊ दिले नाही. जे कुसळी गवत ढोरांच्या तोंडात रुतते, ते कुसळ धरायच्या आधीच आम्ही कापत राहिलो. हळूहळू ते हटले आणि पवन्या, मारवेल असे चांगले गवत धरले. श्यामराव गेले तेव्हा बरडावर कमरेएवढे गवत होते.

एकोणऐंशीच्या साली रोवणी झाली आणि पाऊस गेला. तलाव भरलाच नाही. धान पोटरीतच वाळले; ते आम्ही दाण्यासाठी नाही, ढोरांपुढे टाकायला कापले. आदल्या साली तणस चांगली झाली होती. तुलारामने आपली सगळी ट्रकवाल्याला दिली होती. मी दिली नव्हती. म्हणून माझ्या मांडवावर जुनी तणस होती आणि बरडावर थोडे का होईना गवत उभे होते.

कार्तिकात तुलाराम कोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, बैल बसून राहिले. उठवलं तं उठत नाही. थोडी तणस द्या."

मी दिली. ते बैल श्यामरावांनी त्याच्यासाठी बाजारात फिरून निवडले होते. रोज सकाळी मी त्याचा भारा वेगळा काढून ठेवू लागले. मग तो म्हशींसाठीही मागू लागला. मी म्हटले, "तुलाराम, म्हशीईले देल्ली तं होळीच्या आधी सारेच उपाशी मरतीन. बैल वाचव. म्हशी परसरामासंग जंगलाकडं धाड." परसराम हा गावाची ढोरे चारणारा गायकी. तो त्या साली गावाचा कळप घेऊन जंगलाकडे निघणार होता. तुलाराम भारा उचलून निघून गेला.

थोड्याच दिवसांनी भर दुपारी त्याने बरडाचे कुंपण उघडले आणि आपल्या म्हशी आत घातल्या. मी आणि कला धावत गेलो. तो पाळीवर बिडी ओढत बसला होता.

"काय करून राहिला गा?"

"हे सरकारी झुडपी जंगल होये. तुमचं एकटीचं कायचं?"

"माह्या नावाचा कागद हाय."

"कागद ढोराईले दाखवा."

पाळीवरचे लोक ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गावातली सगळी ढोरे बरडावर होती. मी काठी घेऊन उभी राहिले. पण समोर बरगड्या निघालेल्या गायी होत्या. त्यांच्या तोंडातले गवत काढायला माझा हात उठला नाही. परसराम माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "माय, हे खाऊन नाही राहिले, तुडवून राहिले. काई उरनार नाही." तसेच झाले. कापून, वाळवून, बेताने चारले असते तर गावातल्या सगळ्या बैलांना नांगरणीपर्यंत उभे ठेवता आले असते. हे मी पंचांसमोर म्हटले. पंचांनी मान हलवली. तोवर बरडावर मुरूम दिसत होता.

तुलाराम, तू भुकेपायी केले असतेस तर मी विसरले असते. तुझे बैल माझ्या तणसीवर उभे होते. हे कलम तुला मोठ्याने वाचून दाखवावे, अशी माझी इच्छा आहे. तेराव्याला जेवायला ये. ते मी अडवत नाही.

७. बरड गेल्यावर मांडवावरची तणस हात आखडून चारण्याची वेळ आली. बैल ठेवणे भाग होते. म्हणून कपिली ही गाय परसरामासोबत जंगलाकडे पाठवावी असे मी आणि धनीरामने ठरवले. तिकडे गेलेली सगळी परत येत नाहीत, हे आम्ही दोघे जाणून होतो. कला तेव्हा घरात नवीनच होती. चुलीपुढे बसून ऐकत होती. एकदम म्हणाली, "आत्या, कपिलीले नोका धाडू. तिच्या पोटात वासरू हाय. मी पाला आणतो."

मी म्हटले, "कुठून आणशीन वं? जवळचे झाडं सारे लोकाईनं भादरले."

"दूरचे असतीन."

ती रोज उजाडताच निघे. वड, पिंपळ, बोर, जिथे जे मिळेल ते आणी. चैत्रात मोहाची फुले वेचली, वाळवली, आणि कोंड्यात मिसळून गाईला चारली. पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन ती पाळीवरून येई तेव्हा भाऱ्याखाली नुसते पाय चालताना दिसत. मी म्हणाले, एक दिवस आड जा. म्हणाली, गाय एक दिवस आड खाते काय? वैशाखात एकदा ती अंगणात आली, भाऱ्यासकट खाली बसली, आणि उठली नाही. तेव्हा आम्हाला कळले की तिला दिवस गेले होते. तिने कोणाला सांगितले नव्हते. ते राहिले नाही. सुईण म्हणाली, वय लहान आहे, पुन्हा होईल. पुन्हा झाले नाही.

ज्येष्ठात कपिली व्याली. कालवड झाली. कलाने तिला आपल्या लुगड्याने पुसून कोरडे केले. मी कोठ्याच्या दारापर्यंत गेले, आत पाहिले, आणि परत आले.

आज माझ्या कोठ्यात ज्या गायी आहेत त्या सगळ्या त्या कालवडीच्या पोटच्या. त्या गायी, त्यांची वासरे आणि पुढची सगळी पैदास मी कलाबाईस देते. ही जनावरे घरात सामाईक आहेत असे कोणी म्हणू नये. ती कशी राहिली ते गावाने पाहिले आहे.

८. माझे विळे, दोर आणि मांडवावरून तणस ओढायची लोखंडी आकडीही कलाबाईस. आकडी धनीरामच्या हाती देऊ नये असे मी म्हणते, त्याला कारण आहे.

त्र्याऐंशीच्या साली धान चुरणे, म्हणजे मळणी, चालू असताना अवकाळी पाऊस आला. धनीरामला शहापूरला एका लग्नाला जायचे होते. त्याने ओली तणस तशीच मांडवावर रचली, वर कोरडा थर टाकला आणि बस पकडली. संध्याकाळी कला ढिगात हात घालून आली. म्हणाली, "आत्या, आतून चुलीवानी गरम लागते." गरम झालेली तणस काळी पडते, तिला बुरशी धरते आणि ती खाऊन ढोर आजारी पडते. दुसऱ्या सकाळी तिने सगळा ढीग खाली ओढला. धुऱ्यांवर, कुंपणावर, कौलांवर, देवळाच्या ओट्यावर, जिथे मोकळी जागा दिसली तिथे तिने तणस पसरली आणि दिवसभर ती उलटत राहिली. जाणारे येणारे हसले. म्हणाले, पुस्तोड्यांच्या घरी तणसीचे तोरण लागले. अर्धी वाचली, अर्धी खतात गेली. धनीराम लग्नाहून आला, उकिरड्याकडे पाहिले आणि म्हणाला, "एवढी कशी नासली?"

९. माझी तिरडी बांधताना तिच्यावर अंथरायला मांडवाच्या वरची चांगली तणस काढू नये. तळाची, धुळीची, जिला ढोर तोंड लावत नाही ती घ्यावी. मला फरक पडणार नाही. तेरावे साधे करावे. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही तर फार वेळ थांबू नये. दुपारी ढोरे पाण्यावर न्यायची असतात.

१०. बरडाची जमीन, जी खरेदीखताने माझी स्वतःची आहे आणि जिच्यात कोणाचा वारसाहक्क लागत नाही, ती मी माझी सून कलाबाई हिला मालकीहक्काने देते. ती जमीन नांगरू नये. तिच्यातला मुरूम काढू देऊ नये. पहिला पाऊस पडल्यापासून गवत कापेपर्यंत तिच्यात ढोर सोडू नये. कापणीनंतर सोडायचे असेल तर एका बाजूने सुरुवात करावी, सगळे एकदम मोकळे करू नये.

कारण असे. यंदा पोळा झाल्यापासून तुलाराम आमच्या छपरीत येऊन बसू लागला. इतक्या वर्षांनी. तो आणि धनीराम हळू आवाजात बोलत. दोन गोष्टी ठरत होत्या. एक, रस्त्याच्या कामाचा ठेकेदार बरडाचा मुरूम उचलायला तयार आहे. दुसरी, तुलारामच्या बायकोच्या नात्यातली शहापूरची एक मुलगी आहे, आणि धनीरामला मूलबाळ नाही. एका बायकोवर दुसरी करणे कायद्याने चालत नाही असे गुरुजी सांगतात. गावात चालते. कला चहा घेऊन गेली तेव्हा त्यांचे बोलणे चालूच होते. तिने कप खाली ठेवले आणि कोठ्यात गेली. त्या दिवशी तिने कोठा दोनदा झाडला.

मग धनीराम माझ्याकडे कागद घेऊन आला. "माय, इथं अंगठा दे."

"कायचा कागद?"

त्याने मान खाली घातली. "मुरमाचा."

"मुरूम नेल्यावर गवत कायवर उगवन?"

"ढोरं आता कोण पाळते माय? ट्रॅक्टर येऊन राहिले. तू बी थकली, मी बी थकलो."

"आन् कला?"

तो उठून गेला. मला सही करता येते, हेही तो विसरला होता.

माझा मुलगा वाईट नाही. प्रत्येक साली एक तर पाऊस नाही, नाहीतर नको तेव्हा पाऊस. त्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले. त्याला वाटते, हे सगळे एकदा विकून टाकले की आभाळाकडे पाहावे लागणार नाही. मलाही कधी कधी तसे वाटते. पण आम्ही थकलो तर आम्हाला बसायला ओटा आहे. कलाला नाही. म्हणून बरड तिला.

येथे लेखन थांबवावे लागले. दुपार कलली होती. वैनगंगेच्या बाजूने आभाळ आले आणि थंड वारा सुटला. आमची यंदाची सगळी तणस खळ्यावर उघडी पडून होती. धनीराम परवापासून शहापूरला गेलेला; मुलगी पाहायला, हे सगळ्यांना ठाऊक होते. कला एकटीच भारे बांधून वाहत होती. साक्षीदार म्हणून आलेले यादोराव आणि घनश्याम यांनी एकमेकांकडे पाहिले आणि खळ्याकडे धावले. गुरुजींनी कागद माझ्या पाटाखाली सरकवला, धोतर खोचले आणि तेही गेले. मी छपरीत बसून राहिले. शेजारच्या अंगणात तुलाराम खाटेवर बसून पाहत होता. तो उठला नाही.

पुढचा मजकूर दुसऱ्या दिवशी, त्याच छपरीत, त्याच लोकांसमोर लिहवला आहे.

थेंब सुरू झाले तेव्हा धनीराम आसगावच्या बसने उतरून आला. अंगात नवा सदरा होता. घरात आलाच नाही. रस्त्यावरून खळे दिसते. तिथूनच तो वळला. मी इथून पाहत होते. त्याने कलाच्या डोक्यावरचा भारा उतरवून आपल्या डोक्यावर घेतला. तिने दुसरा बांधला. पाऊस जोरात येईपर्यंत पाचही जण वाहत होते. बरीचशी तणस मांडवावर आली, थोडी भिजली. जी भिजली ती धनीरामने वेगळी ठेवली, ढिगात मिसळली नाही.

सगळे ओले होऊन छपरीत बसले. कलाने चहा केला. मी धनीरामला विचारले, "पोरगी पाहिली?"

"पाहिली."

मी गुरुजींना म्हटले, लिहिले ते सगळे वाचा. यादोराव म्हणाले, "आज राहू द्या, बाई." मी म्हटले, नाही, आजच वाचा, धनीराम आणि कला दोघेही बसले आहेत. गुरुजींनी पहिल्यापासून वाचले. वैशाखाचे आले तेव्हा कला उठून चुलीकडे गेली, पण चूल इथून दोन हातांवर आहे. तिला ऐकू जात होते. दहावे कलम संपले तेव्हा धनीराम भिंतीकडे पाहत होता.

"माय, मले काहून नाही पुसलंस?"

"पुसलं असतं तं काय सांगतलं असतं?"

तो सदऱ्याला चिकटलेल्या काड्या एकेक काढत बसला. मग म्हणाला, "मंग माहं काय?"

"घर तुहं. धानाची बांधी तुही. बैल तुहे."

"आन् कला?"

"ते तू ठरवजो. बरड तिची हाय."

मी या कागदातला एकही शब्द बदलत नाही. धनीराम काल खळ्यावर धावला, ते मी पाहिले, आणि मला बरे वाटले. इथे ते लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे त्याला वाचता येईल. पण एका पावसाने माझे मन फिरवण्याइतकी ताकद आता माझ्यात राहिलेली नाही. तो पुढे काय करणार ते मला माहीत नाही. त्यालाही माहीत नसावे.

आज सकाळी सह्या करायला बसलो तेव्हा कला दारात येऊन उभी राहिली. तिला या कागदाबद्दल कोणी काही विचारले नव्हते, मीही नाही. म्हणाली, "आत्या, एक गोष्ट लिवाची राहिली."

"काय वं?"

"बरडावर मले झोपडी बांधाचा हक्क हाय, असं लिवा."

मी म्हटले, "मागची खोली तुह्या नावानं लिवली ना. हयातभर."

"लिवली. पण ज्या घरात आपल्यासंग कोणी बोलत नाही, त्या घरात हक्कानं राहून काय करू?"

धनीराम अंगणात बैलांना पाणी दाखवत होता. त्याचा हात थांबला. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "तुले तिथं एकटीले राहाचं हाय काय?"

"राहाचंच हाय असं नाही," ती म्हणाली. "राहता येते, एवढं कागदावर असू द्या."

११. म्हणून लिहिते की बरडाच्या जमिनीवर कलाबाईस झोपडी, कोठा व तणसीचा मांडव बांधण्याचा, विहीर खोदण्याचा आणि तिथे राहण्याचा पूर्ण हक्क आहे. ती तिथे कधी राहायला जाईल, किती दिवस राहील, की कधीच जाणार नाही, हे तिने एकटीने ठरवावे. त्यासाठी तिने कोणाची परवानगी मागू नये आणि कोणी तिला कारण विचारू नये.

सांगायचे होते ते सांगून झाले. गुरुजींनी सगळे मला दोनदा वाचून दाखवले, ते बरोबर आहे. गवत कापून कापून माझ्या अंगठ्याच्या रेषा गेल्या आहेत आणि ठसा नीट उमटत नाही, म्हणून खाली सही करते. सही श्यामरावांनी शिकवली होती. अक्षर वाकडे असले तरी माझेच आहे.

(सही) सत्यभामाबाई श्यामराव पुस्तोडे

आम्ही खाली सह्या करणारे या बाईंना बरीच वर्षे ओळखतो. त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय वरील सही केली. त्यानंतर त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार
१. (सही) यादोराव वल्द भिवाजी मेंढे, शेती, राहणार बोडीटोला
२. (सही) घनश्याम वल्द दौलत लांजेवार, दूध संकलन, राहणार आसगाव

लिहिणार
(सही) कृष्णराव गोमाजी बाळबुद्धे, निवृत्त शिक्षक, राहणार आसगाव. पहिल्या दिवशीच्या पानांवर पावसाचे डाग पडले आहेत. मजकूर कुठेही खोडलेला नाही.

ठिकाण : बोडीटोला, तहसील पवनी, जिल्हा भंडारा
दिनांक : १३ डिसेंबर १९८७